अर्धा फेरा

"बाबांचं ऑपरेशन झालं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले..." एवढंच ऐकू आलं आणि तिच्या हेडफोनमधला दादाचा आवाज गेला.

तो का गेला हे तिला कुणी सांगायला नको होतं. चंद्राच्या वाटेवर यान स्वतःभोवती सावकाश फिरत होतं आणि ते फिरतं ठेवणं हेच तिचं काम होतं. उन्हातली बाजू भाजून निघते, सावलीतली गोठते, म्हणून कुठलीच बाजू फार वेळ एका जागी राहू द्यायची नाही. यानाला अँटेना दोन, पण एक निघाल्यापासून रुसून बसला होता. त्यामुळे अर्धा फेरा पृथ्वीशी बोलणं आणि अर्धा फेरा शुकशुकाट. खाली पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षातल्या लोकांनी हे ऐन वेळी दादाला खूण करून सांगायला हवं होतं. आज बहुधा त्याला मध्येच थांबवायचा धीर कुणाला झाला नसावा.

शेजारच्या खुर्चीतल्या कॅप्टनने सगळं ऐकलं होतं. तिसरा गडी मागे गाढ झोपला होता.

"फिरणं थांबवू का?" कॅप्टनने विचारलं. "यान मागे वळवून अँटेना पृथ्वीकडे धरून ठेवतो. तुमचं बोलणं होईपर्यंत."

तिने तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. तसं धरून ठेवलं की इंधनाचा पाइप सावलीत येणार. काल पृथ्वीचा फोटो नीट यावा म्हणून तिघांनी हौसेने फिरणं थांबवलं होतं आणि तो पाइप गोठता गोठता राहिला होता. फोटो झकास आला. पाइप मात्र अजून पुरता सावरला नव्हता.

"नको," ती म्हणाली. "तो पाइप गेला तर परत यायचे वांधे होतील."

"थोडा वेळ चालेल गं. वडिलांचा प्रश्न आहे."

"काल पण आपण थोडा वेळच म्हणालो होतो."

फिरणं थांबवायच्या बटणाकडे जाऊ नयेत म्हणून तिने दोन्ही हात खुर्चीच्या पट्ट्याखाली दाबून धरले होते. खिडकीतून ऊन आत आलं, कॅप्टनच्या बाहीवरून सरकत तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचलं आणि निघून गेलं.

"वडील काय करतात तुझे?" काहीतरी बोलायचं म्हणून कॅप्टनने विचारलं.

"बेकरी आहे आमची. जुनी भट्टी, एकाच अंगाने तापते. मधेच ट्रे फिरवायचं काम माझ्याकडे असायचं. मी विसरले तरी रागवायचे नाहीत. नुसतं विचारायचे, भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला?"

"न फिरवल्यामुळे," कॅप्टन म्हणाला. लहानपणी हे कोडं त्यालाही कुणीतरी घातलेलंच होतं.

दोघंही हसली नाहीत. यान फिरत राहिलं.

पृथ्वी खिडकीच्या कडेला आली आणि कानात खरखर सुरू झाली.

"छोटे, अगं काहीतरी बोल की. कधीची गप्प आहेस."

म्हणजे दादा केव्हाच सांगून मोकळा झाला होता, आणि तिला बोलवत नाही असं समजून इतका वेळ वाट बघत बसला होता.

"दादा, मधलं काहीच ऐकू आलं नाही मला. डॉक्टर म्हणाले, इथपर्यंतच पोचलं."

आवाज खाली जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो त्याहून दादाचं उत्तर बरंच उशिरा आलं.

"मग सगळं पुन्हा सांगू?" दादाने विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

तिने काट्याकडे पाहिलं. काटा जागेवर होता.

"नको," ती म्हणाली. "कळलं मला. आई जेवली का?"