गच्चीवरचा झेंडा

मोइदीनने फोन मैद्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हात झटकले. पडद्यावर त्याच्या मलप्पुरमच्या घराची गच्ची दिसत होती. कठड्यावरून खाली ब्राझीलचा हिरवा-पिवळा झेंडा सोडलेला होता.

"हे कुणी केलं?"

"मी." फोन सुहराच्या, मोइदीनच्या बायकोच्या हातात होता, त्याचा धाकटा भाऊ हम्सा कडेने डोकावला. "उद्यापासून विश्वचषक, इक्का. गल्लीत आपलंच घर बोडकं दिसत होतं."

"माझा अर्जेंटिनाचा पोचला ना परवाच्या बसने? तो लाव. हा काढ."

तो बारा हात लांबीचा झेंडा मोइदीनने दावणगेरेच्या शिंप्यासमोर उभं राहून शिवून घेतला होता. एकोणीस वर्षं तो इथे बेकरी चालवत होता. गेल्या चारही विश्वचषकांत घरावर निळा-पांढराच झेंडा लागला होता.

हम्सा हसला. "राग मानू नका, पण तुम्ही येता वर्षातून दोनदा. टाकी मी धुतो, नारळ मी उतरवतो. इथे राहील त्याचा झेंडा."

बन घेऊन थांबलेल्या गिऱ्हाइकाने मान पुढे केली. "अण्णा, या स्पर्धेत आपला देश कुठाय?"

"पुढच्या वेळी," मोइदीन फोनवरची नजर न काढता म्हणाला. "सुहरा, फोन याच्याकडे दे आणि तो ब्राझीलचा सोड. झेंडा लागल्याशिवाय मी आज पाव भट्टीत घालत नाही. गिऱ्हाईक ओरडू दे."

सुहराने फोन दिला, डोक्यावरची ओढणी घट्ट केली आणि कठड्याशी गेली. एक गाठ सुटेना, ती तिने दातांनी सोडवली.

"इत्ता, निदान मागच्या बाजूला तरी राहू द्या," हम्सा वहिनीला म्हणाला.

हिरवं-पिवळं कापड घसरत अंगणात पडलं. मोइदीनचा चेहरा उजळला. सुहरा जिन्याशी गेली, कापडाचं गाठोडं घेऊन आली आणि तिने ते कठड्यावर उलगडलं. काळा, लाल, सोनेरी.

"हा जर्मनीचा आहे," मोइदीन म्हणाला.

"हो."

"कुणाचा?"

"माझा."

मोइदीनने फोन जवळ घेतला. काळं कापड तिच्या जुन्या बुरख्याचं होतं. लाल पुढच्या खोलीच्या पडद्याचं. तो पडदा त्यानेच आणला होता.

"तू कधीपासून जर्मनीची?"

"चार विश्वचषक झाले. तुमची भट्टी चालू असते, हा मध्यंतरालाच घोरायला लागतो. कुणी किती गोल केले, ते तुम्हाला रोज सकाळी फोनवर कोण सांगतं?"

हम्साच्या हातातला फोन हलायला लागला. तो हसत होता.

"तू हसू नकोस," ती म्हणाली. "तुझा काढला तो यांच्यासाठी नाही. मला जागा हवी होती."

"आणि माझा?" मोइदीनने विचारलं.

"कपाटात आहे, घडी घालून. राहायला आलात की लावू."

गिऱ्हाईक बनचे पैसे ठेवून केव्हाच निघून गेलं होतं. पडद्यावर सुहरा कठड्यावर वाकून एकटीच दोन टोकांशी झटत होती. एक बांधलं की दुसरं निसटत होतं.

"हम्सा," तो म्हणाला.

"काय इक्का?"

"उजवी बाजू खाली गेलीय. फोन खाली ठेव आणि ते टोक धर."

हम्साने फोन गच्चीवर उताणा ठेवला. मग मोइदीनला नुसतं आभाळ दिसत राहिलं, आणि दोघांनी ओढून ताठ केलेल्या कापडाचा फडफडाट ऐकू येत राहिला. त्याने भट्टीचं दार उघडलं.