पालकांची मदत घेऊ नये

तिसरीच्या वर्गातले सगळे पालक मिळून बाईंचं बेबी शॉवर करतो म्हणाले, तेव्हा बाईंना भरूनच आलं. एरवी हीच मंडळी पालकसभेत त्यांना फाडून खायला उठायची. कारण एकच, बाई मुलांना दर आठवड्याला टाकाऊ वस्तूंपासून कधी ज्वालामुखी, कधी धरण करून आणायला सांगायच्या, आणि तेही उद्याच्या उद्या.

पार्टीत वर्गातल्या जुळ्यांच्या आईने रिबीन बांधलेलं भलंमोठं खोकं पुढे सरकवलं. "बाई, सगळ्यांकडून पाळणा!"

बाईंनी घाईघाईने उघडलं. आत कात्री, डिंकाची बाटली, सुतळीचा गुंडा आणि बाईंच्याच नेहमीच्या शब्दांतली चिठ्ठी: "टाकाऊ वस्तूंपासून पाळणा बनवून उद्या सकाळी आठ वाजता आणणे. पालकांची मदत घेऊ नये."

"आणि झुलला पाहिजे हं," मुलाच्या बाकावर कसाबसा मावलेला एक बाप म्हणाला. "धरण गळलं म्हणून आमचे पाच गुण कापले होते तुम्ही."

बाई हसल्या. खरा पाळणा आत्ता येईल म्हणून दाराकडे बघत राहिल्या. मग गुपचूप व्हरांड्यात जाऊन त्यांनी फोन लावला.

"आई, घरात रिकामी खोकी आहेत का गं? उद्याच द्यायचंय."