परसातली वाट

नातीला मराठी येईना, म्हणून द्वारकाबाई सत्तरीत स्पॅनिश शिकल्या. आज व्हिडिओ कॉलवर त्या तिला गावचे रस्ते सांगत होत्या. डांबरी रस्ता म्हणजे कारेतेरा, आळीतली गल्ली काये, गाडीवाट कामिनो. माद्रिदची पोर मान डोलवत होती.

“आणि परसातून ओढ्याकडे जाते ती पायवाट, सेंदेरो. तुझ्या बाबानं लहानपणी धावून धावून पाडलेली,” म्हणत त्यांनी फोन तिकडे वळवला.

“आजी, तिथं नुसतं गवत आहे.”

द्वारकाबाईंनी वाकून पाहिलं. शब्द बरोबर होता, वाटच बुजली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या काठी टेकत, गवत तुडवत परसातून ओढ्यापर्यंत जाऊ-येऊ लागल्या. लेकाला यायला सवड नव्हती. पण पुढच्या रविवारच्या कॉलवर नातीला वाट दिसायला हवी होती.