तिसऱ्या रविवारी

तिसऱ्या रविवारी फादरांनी बाकीच्या दोन जोडप्यांची नावं वाचली आणि कागद मिटला. नताशा दुसऱ्या बाकावर बसली होती. आपलं नाव चुकून राहिलं असेल, म्हणून ती त्या मिटलेल्या कागदाकडे बघत राहिली.

चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं सगळ्यांसमोर वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्याने फादरांना कळवायचं, अशी रीत. नताशा आणि फ्लेव्हियनची नावं दोन रविवार वाचून झाली होती. मिस्सा संपल्यावर फादरांनी तिला बाजूला घेतलं आणि निनावी पत्र आल्याचं सांगितलं. चौकशी होईपर्यंत थांबावं लागेल म्हणाले. पत्रात काय आहे ते काही सांगितलं नाही. लग्न तीन आठवड्यांवर होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि फ्लेव्हियन अजून जहाजावर होता.

"कोणाचं काम आहे ते मला ठाऊक आहे," फ्लेव्हियनची आई फेलिशिया म्हणाली. "चल, आत्ताच्या आत्ता विचारू."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. फेलिशियाचे थोरले दीर व्हॅलेरियन रोज सकाळच्या मिस्साला पहिल्या बाकावर असत आणि मिरवणुकीत क्रूस त्यांच्याच खांद्यावर असे. साखरपुड्याच्या जेवणात याच गृहस्थांनी भरल्या ताटावरून उठून सांगितलं होतं, की नगरवाल्यांची पोर आमच्या घरात नको. यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले. नताशाचे आजोबा नगरकडून रेल्वेच्या कामाला कल्याणला आले आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे हे जुने आणि ते नवे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने म्हणे सगळी पापं धुतली जातात. जात मात्र त्या पाण्याला दाद देत नाही, असा यांचा चारशे वर्षांचा अनुभव.

रिक्षा खोपटच्या डेपोपाशी अडकली तरी फेलिशियाचं तोंड थांबलं नव्हतं. रोज जिभेवर ख्रिस्तशरीर घ्यायचं आणि त्याच जिभेने माणसाची जात काढायची. वर म्हणायचं, आमची श्रद्धाच तशी. असल्या श्रद्धेला जाळायचंय का, असं ती इतक्या जोरात म्हणाली की रिक्षावाल्याने मान वळवून पाहिलं.

नताशाला भरून आलं. या बाईने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आंटी काय म्हणतेस, मम्मी म्हण. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून दोन तास काढून ती एकटी कल्याणला त्यांच्या घरी आली होती. खाली चटईवर बसून सगुणाआजीच्या हातची भाकरी खाल्ली होती. आजी तर इतकी विरघळली, की बाबा कामावर गेलेले पाहून तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेला लक्ष्मीआईचा टाक काढून दाखवला. तिच्या आईने तिला लग्नात दिलेला, एवढीच काय ती माहेरची खूण. बाबांनाही त्याचा पत्ता नव्हता. फेलिशियाने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "आईची आठवण आहे, राहू दे. देव काय एवढ्याने रागावतो?" ती गेल्यावर आजी रडली होती.

"तुला एक सांगू?" रिक्षा सुटल्यावर फेलिशिया हळू आवाजात म्हणाली. "मी तुझ्या जागी असते ना, तर असलं घर नकोच म्हणाले असते. इतका अपमान कशाला सोसायचा? तू माघार घेतलीस तर तुला कोण नावं ठेवणार आहे?"

"मी माघार घेणार नाही, मम्मी."

फेलिशियाने तिचा हात थोपटला.

व्हॅलेरियन ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी भावजयीला खुर्ची दाखवली, नताशाला दाखवली नाही. फेलिशिया बसली नाही. तिने उभ्या उभ्याच त्यांना फैलावर घेतलं. शेजारच्या खिडक्या उघडल्या. देवाच्या नावाखाली पोरीचा संसार मोडणारा माणूस क्रूस कोणत्या तोंडाने उचलतो, असं तिने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं.

व्हॅलेरियननी तिला पुरतं बोलू दिलं. मग चष्मा काढला.

"मना ह्ये लगीन पसंत नाय. साखरपुड्यात बोललो, आजपन बोलतो. मंग चोरून कागद कशाला लिवीन?" ते आत गेले आणि पाकीट आणून त्यांनी नताशाला दिलं. "फादरनी माज्याकडंच चौकशी दिलीय. घे, तूच वाच."

"कशाला वाचतेस?" फेलिशिया पटकन म्हणाली. "जिवाला त्रास उगाच. दे इकडे."

पण पत्र नताशाच्या हातात आलं होतं. टाइप केलेलं, चारच ओळी. मुलीचं घर फक्त नावाचं ख्रिस्ती आहे. तिची आजी तांदळाच्या डब्यात तळाशी, लाल फडक्यात गुंडाळून देवीचा टाक ठेवते आणि मुलगी ते लपवते. हे कळवताना वाईट वाटतं, पण श्रद्धेपुढे इलाज नाही.

नताशाने पत्र दोनदा वाचलं.

"अंकल, तुम्ही कल्याणला आमच्या घरी कधी आलायत?"

"मी? तुमच्याकडं?" म्हाताऱ्याला हसू आलं. "तुमच्या घरचा पानीपन मना चालायचा नाय."

ते ऐकून तिला राग यायला हवा होता. तिने पत्राची होती तशी घडी घातली, ते पाकिटात सरकवलं आणि पाकीट फेलिशियापुढे धरलं.

"घ्या, तुमचं पत्र," ती म्हणाली. "आंटी."