औषधवाल्याचा कायदा

“आजपासून लागू,” असं म्हणत वकिलानं राजपत्र टेबलावर ठेवलं आणि औषधवाल्या आमदारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अठरा वर्षं त्यांनी या दिवसाची वाट पाहिली होती. चुकीच्या उपचारांची तक्रार आता कितीही वर्षांनी करता येणार होती. जुन्या चुकासुद्धा त्यात येत होत्या. सभागृहाला वाटलं, माणूस जनतेचं भलं करतोय. कसलं काय! त्यांना फक्त एका डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं पाहायचं होतं. त्याआधी मरायचीसुद्धा त्यांची तयारी नव्हती.

चौकात त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि समोर त्या डॉक्टरचा दवाखाना. एका दुपारी शेजारची शिवणकाम करणारी ताई चार वर्षांच्या लेकीसाठी त्या डॉक्टरनं लिहिलेली औषधाची चिठ्ठी घेऊन आली. डोस मोठ्या माणसाचा होता. त्यांच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. शंका आली की डॉक्टरला विचारायचं, ही त्या कामातली पहिली शिकवण. त्यांनी फोन लावला.

“पुड्या बांधणाऱ्यानं पुड्या बांधाव्यात, मला डॉक्टरकी शिकवू नये,” डॉक्टर डाफरला आणि त्यानं फोन आपटला.

औषध दिलं गेलं. पोरीचे कान गेले, ते कायमचेच. ते औषधानंच गेले असा दाखला हाती येईपर्यंत तक्रारीची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. डॉक्टर नामानिराळा राहिला. वर चौकात उभा राहून म्हणाला, “पुडीवाल्यानंच काहीतरी घोळ घातला असेल.” पोरीच्या कानांपेक्षा हे वाक्य आमदारांना जास्त लागलं होतं. गिऱ्हाईक तुटलं. बायको म्हणाली, आपण दुसरीकडे जाऊ. ते गेले नाहीत.

“निवडणुकीला उभे राहा, भाऊ,” ताईच म्हणाली होती. “कायदा बदलल्याशिवाय हा सापडायचा नाही.”

दोनदा ते पडले. ते खचले, पण ती नाही. शिवणयंत्रावर कापड झाकून ती दारोदार हिंडायची, सभेला माणसं गोळा करायची, त्यांना पुढे बसवायची. आमदार फोनची गोष्ट सांगायला लागले की सभा रंगायची. “डोस जास्त आहे हे मला कळलं होतं!” ते छातीवर हात मारून ओरडत. टाळ्यांचा कडकडाट होई. ताई तेवढी टाळ्या वाजवत नसे. तिचे हात लेकीला खुणांनी सगळं समजावण्यात गुंतलेले असत. ते बघून बायाबापड्या डोळे पुसत आणि मतं देत. तिसऱ्या खेपेला ते निवडून आले.

आता दोघी मायलेकी कार्यालयात त्यांच्यासमोर बसल्या होत्या. लेक बावीस वर्षांची झाली होती. आमदारांनी वकिलानं लिहिलेली तक्रार ताईपुढे सरकवली आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.

“करा सही, ताई. आता त्याला पळता भुई थोडी करतो.”

ताईनं पेन घेतलं नाही. तिनं पिशवीतून दुसराच कागद काढला.

“सकाळीच दाखल करून आले, भाऊ. ही तुमची प्रत.”

आमदारांनी वाचलं. डॉक्टरचं नाव होतं, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिलं नाव त्यांचं होतं.

“अहो ताई, मी त्याला फोन केला होता!”

“केला होतात ना. त्यानं न बघता लिहिलं. तुम्ही बघून दिलंत.” तिचा आवाज जराही चढला नाही. “तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी आल्या पावली परत गेले असते.”

आमदारांनी वकिलाकडे पाहिलं. वकील राजपत्र चाळू लागला. आमदारांनी उसनं हसू आणलं.

“अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मला डोस कळला होता, हे आता सिद्ध कोण करणार?”

ताई उठली. तिनं लेकीला खूण केली, तशी तीही उठली.

“सभेला माणसं उगाच गोळा करत नव्हते, भाऊ. साक्षीदार गोळा करत होते.”