मालकांची जीभ

“मी मोडेन, पण वितळणार नाही!” बाईंनी भर स्वयंपाकघरात जाहीर केलं. त्याच क्षणी त्यांच्या एप्रनची नाडी फ्रीजरच्या दारात अडकली, त्यामुळे एवढं बोलून तरातरा निघून जायचा बेत फसला. आचाऱ्याने दार उघडून त्यांना मोकळं केलं.

“झालं बोलून?”

“अजून आहे.”

“मग जरा दारापासून लांब उभ्या राहून बोला.”

भांडण सॉर्बेचं होतं. या हॉटेलात सत्तावीस वर्षं जेवणानंतर बाईंच्या हातचं सॉर्बे जात होतं. फळांचा रस, साखरेचा पाक आणि लिंबू. दूध नाही, साय नाही. रसात धुतलेलं अख्खं अंडं कवचासकट सोडायचं, तरंगताना त्याची नाण्याएवढी टोपी वर दिसली की गोडी बरोबर, अंडं काढून घ्यायचं. मग पसरट ट्रेमध्ये ओतून फ्रीजरात ठेवायचं आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडायचं. एक फेरी चुकली की सॉर्बेची वीट होते. दोन मुलींची लग्नं, एक घर बदलणं आणि नवऱ्याशी झालेली यच्चयावत भांडणं बाईंनी त्या अर्ध्या अर्ध्या तासांत बसवली होती.

आता मालकांच्या पुतण्याने फर्मान काढलं होतं. पहिल्या तारखेपासून सॉर्बे कारखान्यातून डब्यात येणार आणि बाई भाज्या चिरायला बसणार.

“काकांनाही हल्ली तुमचं आवडत नाही,” असं तो वर म्हणाला होता.

नेमकं तेच बाईंना लागलं होतं. मालकांची जीभ म्हणजे त्या हॉटेलातलं शेवटचं न्यायालय. तिथे अपील नाही. चिमूटभर मीठ कमी पडलं तरी ती पकडायची. गेले सहा महिने तीच जीभ रोज एक चमचा घ्यायची, मालक आढ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “चांगलंय. पण काहीतरी कमी आहे.”

बाईंनी लिंबू वाढवलं, पाक घटवला, संत्र्याची साल किसून घातली. काहीतरी कमीच. आचाऱ्याच्या सूपचीही तीच गत. त्याने धसका घेऊन एवढी मिरपूड घातली की गिऱ्हाइकं डोळे पुसत घरी जाऊ लागली. पण तो पडला नमतं घेणारा.

बाई थेट मालकांच्या खोलीत गेल्या.

“दोन वाडगे ठेवा. एक माझा, एक डब्यातला. कोणता कुणाचा ते तुम्हाला सांगायचं नाही. डबा निवडलात तर एप्रन या टेबलावर काढून ठेवते आणि घरी जाते. भाज्या तुमचा पुतण्या चिरेल.”

मालक बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. “चाखूनच ठरवायला हवं का?”

“का? भीती वाटते?”

शेजारच्या खुर्चीतला पुतण्या फिसकन हसला. त्यामुळे मालकांना हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचारी बाईंच्या कानाशी लागला. “दोन्ही वाडग्यांत आपलंच भरू. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना.”

“जरा वाकलात तर काय बिघडेल? पाठ तशीही वाकलीच आहे.”

“ती ट्रेवर वाकली. ट्रेने मला कधी उलट उत्तर दिलं नाही.”

दुपारी स्वयंपाकघरात, बाईंच्या देखत, पुतण्याने स्वतः वाडगे भरले. दोन्ही काचेचे, दोन्हींत नारिंगी गोळे. बाईंचं खरवडणं इतकं बारीक होतं की नुसत्या डोळ्यांना फरक कळू नये. मग मालकांना आत बोलावलं. बाई त्यांच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. पुतण्या फोनवर डब्यांची ऑर्डर लिहायला लागला, इतकी त्याला खात्री.

मालकांनी डबीतून चष्मा काढला आणि पुसून लावला. आधी उजव्या वाडग्यात चमचा घातला. तोंडात सॉर्बे, नजर बाईंवर. बाईंनीही नजर रोखली. सत्तावीस वर्षांत मान खाली घातली नव्हती, आज तर घालणारच नव्हत्या.

मग डावा वाडगा. चमचा गोळ्यात शिरला आणि बाईंच्या पापण्या लवायच्या थांबल्या. मालक घोळवत राहिले. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. आचाऱ्याने कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं.

“हा,” मालकांनी डाव्या वाडग्यावर बोट ठेवलं. “यात काहीही कमी नाही.”

आचाऱ्याने टाळ्या वाजवल्या. पुतण्याने डाव्या वाडग्यातलं थोडं चाखलं, आणखी एक चमचा घेतला आणि फोन खिशात टाकला.

“आता ऐका,” बाई म्हणाल्या. “सहा महिने मला वाटत होतं, माझ्याच हातात खोट आली. नाही आली. यापुढे सॉर्बे माझ्या पद्धतीने होईल, आणि माझ्या ट्रेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. डबा हवा असेल त्याने तो घरी नेऊन खावा. जीभ असावी तर अशी! खरं ते खरं म्हणणारी!”

पुतण्या मान खाली घालून निघून गेला. त्याच्यामागून आचारी गेला, शीळ घालत. मालकांनी उठून दार लोटलं.

“बाई, बसा.”

“उभीच बरी आहे.”

“एक विनंती होती.” मालकांनी आवाज अगदी खाली आणला. “सहा महिन्यांपूर्वी ताप आला ना, तेव्हापासून मला कशाचीच चव लागत नाही. आज तुमच्या चेहऱ्यावरून निभावलं. पुढच्या वेळी तेवढा तुमचा वाडगा जरा माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवाल का?”