तिसऱ्यांची वाटी

"ओठ जाणवत नाहीत," बॅप्टिस्ट रिक्षात दोनदा म्हणाला. माणिकपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची बोटंही बधिर पडली. डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला आणि ते त्याच्या बायकोकडे, आल्बिनाकडे वळले.

"दुपारी काय खाल्लं?"

रविवार होता. कोळंबीचं कालवण होतं, चिंबोऱ्या होत्या, खाडीवरून आणलेल्या तिसऱ्यांचं, त्या छोट्या शिंपल्यांचं, सुकं होतं. ती आणि मुलगा बेसिल कोळंबी-चिंबोऱ्यांवरच जेवले. तिसऱ्या बॅप्टिस्टच्या आवडीच्या.

"कोळंबी, चिंबोऱ्या हिंडून खातात," डॉक्टर म्हणाले. "तिसऱ्या आणि कालवं एका जागी बसून पाणी गाळतात. पाण्यात विष आलं की त्यांच्यात साठत जातं. वास येत नाही, शिजवून जात नाही. जास्त झालं तर श्वास थांबतो. यांना वेळेत आणलंत, हे वाचतील. आणखी कुणी खाल्ल्या?"

"नाही," आल्बिना म्हणाली, आणि लगेच तिला आठवलं. जेवायला बसण्याआधी तिनं तिसऱ्यांची एक वाटी भरून शेजारी सुमनकडे दिली होती. सुमनचा नवरा परगावी. ती घरात एकटी.

निर्मळ गावातल्या त्यांच्या वटारात, म्हणजे वाडीत, फोन एकच, चर्चच्या ऑफिसात. रविवारी दुपारी तो उचलणार कोण? बेसिलला बापापाशी बसवून आल्बिना त्याच रिक्षात परत चढली. तिनं प्रार्थना सुरू केली. निर्मळ येईतो तिचे शब्द तीनदा चुकले. बॅप्टिस्ट दणकट गडी, त्याची ही गत. सुमन तर त्याच्या निम्मीही नव्हती.

सुमनच्या दाराला आतून कडी होती. हाकेला ओ आली नाही. आल्बिना मागच्या बाजूला धावली. मोरीत ती वाटी घासून पालथी घातलेली होती. खिडकीतून सुमन दिसली. चटईवर, भिंतीकडे तोंड करून पडलेली.

आल्बिनानं खिडकीचे गज बडवले. कितीतरी वेळानं सुमनचा हात हलला. ती उठली, डोळे चोळत दाराशी आली. आल्बिनानं तिची हनुवटीच धरली.

"ओठ बघू. जीभ जड होतेय का? श्वास घे."

"अगं, झोपले होते. काय झालं?"

आल्बिनानं धापा टाकत सगळं सांगितलं. सुमन पायरीवर बसली. तिला आल्बिनाकडे बघवेना.

"मला काही होणार नाही," ती हळूच म्हणाली. "तिसऱ्या माझ्या घशाखाली उतरत नाहीत गं. पहिल्यांदा तू एवढ्या हौसेनं आणल्यास, तेव्हा सांगवलं नाही. मग राहूनच गेलं. अकरा वर्षं तुझी प्रत्येक वाटी मी केळीच्या बुंध्याशी पुरत आलेय, आल्बिना."